पोवळ्यांच्या काचपेटीतील किडे आणि त्यांचे शिकारी



हल्ली आपल्या काही घरांत मुला-नातवंडांनी हौसेने खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी आणून ठेवलेली दिसते. तीत रंगीत मासे असतात आणि जिवंत पोवळी, म्हणजे इथले ‘अल्मोगीम’, असतात. मुले कामावर किंवा सैन्यात गेली की पेटीची देखरेख घरातल्या आजी-आजोबांकडे येते. अंगठीत बसवलेले पोवळे आपण पुष्कळदा पाहिले आहे, पण पेटीतले पोवळे जिवंत असते. ती असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. ती वाढायला वर्षे लागतात, आणि किडे लागले तर काही आठवड्यांत तिचा पांढरा सांगाडा उरतो. म्हणून या किड्यांची आणि त्यांना खाणाऱ्या प्राण्यांची थोडी माहिती असलेली बरी.

एलातच्या समुद्रातही असे किडे आहेत. तिथे मासे, खेकडे, कोळंब्या त्यांना सतत टिपत असतात, त्यामुळे त्यांची संख्या आटोक्यात राहते. काचपेटीत मात्र नव्या दगडाला किंवा पोवळ्याला चिकटून किडा येतो आणि त्याला खाणारा प्राणी बरोबर येतोच असे नाही. मग तो मोकाट वाढतो. उपाय सोपा वाटतो : शिकारी आणून सोडावा. पण प्रत्येक शिकारी प्रत्येक किडा खात नाही, म्हणून किडा कोणता हे आधी ओळखले पाहिजे.

पहिला प्रकार लालसर तपकिरी चपट्या किड्यांचा. ते जेमतेम काही मिलिमीटर लांब असतात आणि मागच्या टोकाला शेपट्यांसारखी टोके दिसतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, म्हणून ते उजेडात पसरतात. ते पोवळे खात नाहीत, पण त्यावर गालिच्यासारखे पसरून त्याचा उजेड अडवतात.

दुसरा प्रकार खरा घातक. हाही चपटा किडा, पण फांद्यांसारख्या वाढणाऱ्या ‘अ‍ॅक्रोपोरा’ जातीच्या पोवळ्यावर राहतो आणि त्याचे मांसच खातो. त्याचा रंग पोवळ्यात इतका मिसळतो की चष्मा लावूनही दिसत नाही. पोवळ्यावर फिकट गोल डाग पडले आणि खालच्या उघड्या भागावर तपकिरी अंड्यांचे पुंजके दिसले, तर हाच किडा समजावा.

तिसरा प्रकार केसाळ किड्यांचा. हे गोमेसारखे लांब असून रात्री दगडाखालून बाहेर येतात. त्यांना पाहून घाबरायला होते, पण त्यांतले बहुतेक उरलेले अन्न आणि मेलेले जीव खाऊन पेटी साफ ठेवतात. ते फार वाढले तर बहुधा माशांना खाणे जास्त पडत आहे असे समजावे. खाणे कमी केले की तेही कमी होतात.

आता शिकाऱ्यांकडे वळू. सर्वांत परिचित आहे सहा रेघांचा छोटा मासा. त्याच्या अंगावर नारिंगी आणि जांभळट निळ्या आडव्या रेघा असतात आणि तो तांबड्या समुद्रातही सापडतो. दिवसभर तो दगडांच्या फटींतून किडे टिपत हिंडतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या माशाने पोवळे खाणारे चपटे किडे पुष्कळ कमी केले, तर एका जातीच्या लहान कोळंबीने त्यांची अंडी खाल्ली. अंडी औषधाच्या पाण्यात बुडवूनही मरत नाहीत, म्हणून कोळंबीची मदत मोलाची. मात्र हा मासा भांडखोर आहे. लहान, शांत माशांना तो छळतो, आणि पेटी उघडी असेल तर बाहेर उडी मारतो. त्यासाठी वर जाळी हवी.

लाल चपट्या किड्यांसाठी निळ्या रेघांची, मखमली काळी समुद्री गोगलगाय मिळते. ती असे चपटे किडे सोडून दुसरे काही खात नाही. किडे संपले की ती उपाशी मरते, म्हणून काम झाल्यावर ती असेच किडे झालेल्या दुसऱ्या शौकिनाकडे पाठवणे योग्य.

केसाळ किडे खाणारे म्हणजे लांब काटकुळ्या पायांचा बाणासारखा खेकडा आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी. पण दोघेही मोठे झाल्यावर लहान मासे आणि इतर कोळंब्यांना त्रास देतात.

शिकारी किडे कमी करतो, पण क्वचितच पूर्ण संपवतो. म्हणून थोडे काम आपणही करावे. लाल किडे बारीक नळीने पाण्याबरोबर ओढून काढावेत. नळी तोंडाने मात्र ओढू नये. दुकानातले औषध एकदम ओतू नये, कारण हे किडे एकाच वेळी मेले तर त्यांच्या अंगातील विष पाण्यात मिसळून मासे दगावू शकतात. आधी जमतील तेवढे काढावेत. औषधानंतर पाणी बदलावे आणि गाळणीत कोळसा घालावा. नवे पोवळे आणले तर ते काही आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवून तपासावे. अंडी उबून नवे किडे निघतात का, हे त्यातच कळते.

पेटीत हात घालताना जाड रबरी हातमोजे घालावेत. केसाळ किड्याचे केस बोटात घुसले तर फार आग होते. तसे झाल्यास चिकटपट्टी लावून ती ओढावी म्हणजे केस निघतात. सूज वाढली तर डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी एक गोष्ट नातवंडांनाही सांगावी. एलातच्या खडकावरून पोवळे किंवा मासा उचलून आणणे कायद्याने मना आहे. आणि पेटीतला नकोसा झालेला खेकडा, मासा किंवा गोगलगाय समुद्रात सोडू नये; ती दुकानदाराला परत द्यावी. परका जीव समुद्रात रुजला तर तो काढणे कोणाच्याही हातात राहत नाही.