खासदाराने मत कुठे दिलं? आणि त्याचं काम मोजायचं कसं?

आजचा प्रश्न सोपा वाटेल. आपल्या खासदाराने कुठल्या विधेयकाला 'हो' म्हटलं आणि कुठल्याला 'नाही'? मोबाइलवर शोधून बघा. बहुतेक वेळा काहीच सापडणार नाही.

असं का?

कारण बरीचशी विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, काही जण 'होय' म्हणतात, काही जण 'नाही'. अध्यक्ष कौल सांगतात, झालं! कोण काय म्हणालं याची नोंद नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत कृषी विधेयकंसुद्धा अशीच, प्रचंड गोंधळात मंजूर झाली.

नावानिशी नोंद होते ती मतविभाजन झालं तर. घटनादुरुस्तीला ते लागतंच. म्हणून महिला आरक्षणाचा आकडा आपल्याकडे नेमका आहे: २० सप्टेंबर २०२३, लोकसभेत बाजूने ४५४, विरोधात २.

पण ते मत कुणाचं?

१९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षाने व्हिप काढला आणि खासदाराने उलटं मत दिलं, किंवा न विचारता मतच दिलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. म्हणजे बटण खासदार दाबतो, निर्णय बहुधा पक्षाचा असतो.

मग बघायचं काय?

एक, प्रश्न. इथे व्हिप आडवा येत नाही. तुमच्या भागातला कांदा, रेल्वे, विमा यावर खासदाराने काय विचारलं आणि मंत्र्याने काय उत्तर दिलं, हे संसदेच्या वेबसाइटवर मिळतं. फक्त, खासदार मंत्री असेल तर तो प्रश्न विचारत नाही, हे लक्षात ठेवा.

दोन, खासदार निधी. वर्षाला ५ कोटी. ऐकायला मोठा आकडा, पण महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे ६ मतदारसंघ येतात. म्हणजे प्रत्येकी साधारण ८३ लाख. शिवाय खासदार फक्त काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. म्हणून फ्लेक्सवर नाव बघून थांबू नका. काम सुचवलं कधी, मंजूर झालं कधी, पूर्ण झालं का, हे विचारा. माहिती अधिकारात अर्ज करता येतो.

तीन, 'दिशा' समिती. घरकुल, जलजीवन अशा केंद्राच्या योजनांचा जिल्ह्यात आढावा घेणारी ही समिती. अध्यक्ष खासदार, बैठक दर तीन महिन्यांनी अपेक्षित. तुमच्या जिल्ह्यात शेवटची कधी झाली?

आपण खासदाराला जोखतो ते लग्नाला आला का, दहाव्याला आला का, गल्लीतलं गटार केलं का यावर. गटार हे नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं काम. दिल्लीत आपल्या वतीने बोलायला मात्र आपण एकालाच पाठवतो. तो तिथे गप्प बसला, तर आपला प्रश्न तिथे दुसरं कोण मांडणार?

आज एवढंच करा: आपल्या खासदाराने विचारलेला एक प्रश्न शोधा आणि घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!