रात्री दोनचा फोन आणि एक नवा कंपाउंडर

बालरोगतज्ज्ञाच्या घरी रात्री दोन वाजता खणखणणारा फोन बहुधा तापाचाच असतो. आमच्या इंदुरातही तो तसाच असतो. "डॉक्टरसाहेब, औषध किती देऊ?" मी प्रथम बाळाचे वजन विचारतो आणि मग हातातली बाटली थेंबांची आहे की सिरपची, ते. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम. म्हणजे 10 किलोच्या बाळाला 150. एका मिलीत 100 मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे ते दीड मिली होते, तर 5 मिलीत 125 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे 6 मिली. सिरपच्या मापाने थेंब पाजले, तर चौपट औषध पोटात जाते.

पालकांशी प्राथमिक संवाद साधणारा चॅटबॉट आपणच तयार करावा, अशी गेल्या वर्षी मनाने उचल खाल्ली. पन्नाशी उलटल्यावर मी जावास्क्रिप्टची मुळाक्षरे गिरवू लागलो. गुरू माझी अभियंता भाची. चॅटबॉट प्लॅटफॉर्मशी आपल्या प्रोग्रॅमने बोलण्याचा दरवाजा म्हणजे एपीआय, आणि त्या दाराशी ये-जा करणारी क्लायंट लायब्ररी म्हणजे जुन्या दवाखान्यातला कंपाउंडर! आपण चिठ्ठी लिहायची. मजकूर ठरावीक साच्यात बसवणे, ओळख पटवणारी की जोडणे, जोडणी तुटल्यास पुन्हा प्रयत्न करणे, हे सारे तो पाहतो. ही की मी चक्क वेबपानातच लिहून ठेवली होती. भाची म्हणाली, "मामा, सही केलेलं कोरं प्रिस्क्रिप्शन पॅड रस्त्यावर ठेवशील का?" तेव्हापासून की सर्व्हरवर असते.

खरा धक्का घरच्या चाचणीत बसला. मी आईच्या भूमिकेत वजन सांगितले, पुढच्या संदेशात मात्रा विचारली. उत्तर आले, "6 मिली." बाटली कोणती, याची चौकशीच नाही! चूक माझीही होती. मी वापरलेला एपीआय आधीचे बोलणे लक्षात ठेवत नाही. प्रत्येक वेळी सारा संवाद पुन्हा पाठवावा लागतो, आणि मी केवळ शेवटचे वाक्य पाठवत होतो. केसपेपरविना ओपीडीत आलेला रुग्णच म्हणा ना. परंतु माहिती अपुरी असताना इतक्या आत्मविश्वासाने आकडा सांगणारा निवासी डॉक्टर मी वॉर्डात क्षणभरही उभा केला नसता.

मग संपूर्ण संवाद पाठवू लागलो आणि मात्रेचा हिशेब माझ्या चार ओळींच्या गणिताकडे सोपवला. वजन व बाटलीवरील प्रमाण, दोन्ही मिळाल्याखेरीज ते चालतच नाही. तो आकडाही पालकांना दिसत नाही. 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेला रुग्णास सल्ला देण्याची वा औषध लिहून देण्याची मुभा नाही, आणि मला ते मनोमन पटते. चॅटबॉट फक्त विचारपूस करून मला चिठ्ठी पाठवतो. बाळाचे नाव प्लॅटफॉर्मकडे जात नाही. वय तीन महिन्यांच्या आत असेल, तर माझा प्रोग्रॅम प्रश्नोत्तरे थांबवून थेट मलाच फोन लावतो.

दोन वाजता फोन अजूनही वाजतो. चष्मा शोधून मी चिठ्ठी वाचतो, "वजन 9.4 किलो, थेंब", आणि तरीही आईला म्हणतो, "ताई, बाटलीवर काय लिहिलंय ते एकदा वाचून दाखवा बरं."