विजेचा द्वारपाल

नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचे धरण आहे. पावसाळ्यात नदीला पूर आला, की त्याचे दरवाजे उघडतात. पूर ओसरला, की ते मिटतात. त्यामुळे पाण्याची पातळी मर्यादेत राहते. हलक्या विमानातही असाच एक द्वारपाल असतो. त्याचा पहारा पाण्यावर नसून विजेवर असतो. त्यास विद्युत्‌दाब-नियंत्रक म्हणतात.

नांदेडहून लातूर सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. एका एंजिनाचे चार आसनी विमान हे अंतर पाऊण तासाच्या आत काटते. एंजिन फिरू लागले, की त्यास जोडलेले जनित्रही फिरते आणि वीज निर्माण होते. या विजेवर दिवे व रेडिओ चालतात आणि बॅटरी भरत राहते. परंतु एंजिनाचा वेग सारखा नसतो. जमिनीवर ते मंद फिरते, तर उड्डाणाच्या वेळी मिनिटास दोन हजारांहून अधिक फेरे घेते. वेग वाढला, की विजेचा दाबही वाढू पाहतो. येथे नियंत्रक कामास येतो. जनित्रातील चुंबक विजेवर चालतो. दाब वाढताच नियंत्रक त्या चुंबकास मिळणारा प्रवाह कमी करतो. दाब उतरताच तो वाढवतो. धरणाचा दरवाजा जादा पाणी सोडून देतो; नियंत्रक मात्र जादा वीज मुळात निर्माणच होऊ देत नाही. चोवीस व्होल्टच्या बॅटरीसाठी हा दाब सुमारे अठ्ठावीस व्होल्ट राखला जातो.

जुन्या नियंत्रकांत एक लहानशी पट्टी सतत उघडझाप करी. तिची टोके जळत व स्प्रिंग सैल पडे. पुढे अर्धवाहकांचे नियंत्रक आले. त्यांत हलणारा भाग नाही. तरीही एंजिनाची धग, सततचे हादरे आणि सैल झालेली तार हे त्यांचे शत्रू आहेतच. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो, तेव्हा ही धग अधिकच वाढते.

नियंत्रक बिघडला, तर दोन संकटे संभवतात. दाब फार वाढला, तर बॅटरी तापते आणि उपकरणे जळू शकतात. म्हणून अनेक विमानांत जनित्र आपोआप तोडणारी वेगळी योजना असते. दुसरे संकट मुके असते. जनित्राची वीज थांबते. दिवे व रेडिओ मात्र बॅटरीवर चालूच राहतात, आणि बॅटरी गुपचूप रिती होत जाते. सावध वैमानिक अँमीटरच्या काट्यावरून हे ओळखतो. तो नको असलेली उपकरणे बंद करतो, उरलेली वीज रेडिओसाठी राखतो आणि जवळच्या विमानतळावर उतरतो.

मग बॅटरी संपली, तर एंजिन थांबेल काय? बहुतेक हलक्या विमानांत ते थांबत नाही. इंधन पेटविणारी ठिणगी मॅग्नेटो नावाचे यंत्र स्वतःच निर्माण करते. त्यास बॅटरी लागत नाही. असे मॅग्नेटो दोन असतात आणि प्रत्येक सिलिंडरला स्पार्क प्लगही दोन असतात. उड्डाणापूर्वी वैमानिक ते आळीपाळीने तपासून पाहतो.

कोणतीही वस्तू कधीतरी बिघडेल, हे धरूनच विमान रचलेले असते. द्वारपाल विश्वासू असावा हे खरे; परंतु सर्वांचे प्राण त्या एकट्याच्या हाती देणे, हे शहाणपणाचे नव्हे.