शिरगणतीत पणजोबांचे नाव का सापडत नाही

सातारा-सांगलीकडच्या घरांमध्ये गेल्या काही वर्षांत वंशावळीचा शोध जोरात सुरू आहे. कुणबी नोंदी तपासण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तेव्हापासून तहसील कचेरीतले अभिलेख कक्ष, जुन्या शाळांची रजिस्टरे, मोडी वाचणारी माणसे यांना अचानक महत्त्व आले. ज्यांना कुणबी दाखल्याची गरज नाही, तेही आता पणजोबांच्या वडिलांचे नाव शोधू लागले आहेत. मला याचा मनापासून आनंद वाटतो. पण या शोधात पहिले पाऊलच चुकीच्या दिशेने पडते असे वारंवार दिसते. बहुतेकांची पक्की समजूत असते की सरकारकडे कुठेतरी १८८१ च्या जनगणनेच्या वह्या आहेत, त्यात गावातल्या प्रत्येकाचे नाव आहे आणि योग्य कचेरीत योग्य अर्ज केला की ते पान मिळेल.

असे पान नाही. हे आधी स्वीकारले तर पुढचे पुष्कळ हेलपाटे वाचतात.

मुंबई इलाख्यात पहिली शिरगणती १८७२ मध्ये झाली. देशभर एकाच वेळी झालेली पहिली गणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. तेव्हा मोजणीदार घरोघर गेले, त्यांनी नावे, वये, जाती, जन्मठिकाणे लिहूनही घेतली. मात्र सरकारला माणूस नको होता, बेरीज हवी होती. नोंदी गोळा झाल्या, त्यांवरून तक्ते तयार झाले, अहवाल छापला गेला आणि मूळ कागद नष्ट करण्यात आले. पुढच्या प्रत्येक दशकात हेच घडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला. त्याच्या कलम १५ नुसार जनगणनेत भरलेली माहिती कोणालाही पाहता येत नाही आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालत नाही. म्हणजे जुने कागद उरलेले नाहीत आणि नव्यांवर कायद्याचे कुलूप आहे.

मग ‘जनगणनेत पूर्वज सापडले’ अशा गोष्टी येतात कुठून? त्या परदेशातल्या असतात आणि खऱ्या असतात. ब्रिटनमध्ये नाववार नोंदी जपल्या जातात आणि शंभर वर्षांनी खुल्या होतात. १९२१ च्या गणनेची पाने जानेवारी २०२२ मध्ये लोकांसमोर आली. अमेरिकेत ही मुदत बहात्तर वर्षांची आहे. कुणाचे चुलत आजोबा १९२१ च्या जून महिन्यात शिक्षणासाठी लंडनमध्ये खोली घेऊन राहत असतील, तर त्यांचे नाव तिथे मिळू शकते. त्याच वर्षी कराडात राहिलेल्या त्यांच्या सख्ख्या भावाचे मात्र मिळणार नाही.

दुसरा घोटाळा गॅझेटियरचा. ‘सातारा गॅझेट’ हा शब्द आता चावडीवरही ऐकू येतो आणि तो नावांची यादी असल्यासारखा उच्चारला जातो. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकोणिसावा खंड साताऱ्याचा आहे. तो १८८५ मध्ये छापला गेला. त्यात डोंगर, नद्या, पिके, बाजार, देवस्थाने, इतिहास आणि जातवार वर्णने आहेत; लोकसंख्येचे आकडे १८८१ च्या गणनेवरून घेतले आहेत. जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक, एवढे त्यावरून कळते. तुमचे घराणे त्या आकड्यात होते की शेजारच्या, हे त्यातून कळत नाही. समाजाच्या इतिहासाचे साधन म्हणून तो ग्रंथ मोलाचा आहे, पण एका कुटुंबाची साक्ष तो देऊ शकत नाही. १९३१ च्या गणनेचेही तेच. सगळ्या जातींचे आकडे छापले गेलेली इंग्रजी अमदानीतली ती शेवटची गणना, म्हणून तिचे नाव सतत निघते. तिच्यातही तक्तेच आहेत.

आता सर्वांत जास्त गोंधळ उडवणारी गोष्ट: जिल्हा. ‘आम्ही पिढ्यान्पिढ्या सांगली जिल्ह्यातले’ असे म्हणणाऱ्याने १९३१ च्या अहवालात सांगली जिल्हा शोधला तर तो सापडणार नाही, कारण तो नव्हताच. १८४८ मध्ये डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. त्यानंतरच्या सातारा जिल्ह्यात वाई, जावळी, सातारा, कोरेगाव, खटाव, माण, कऱ्हाड, पाटण यांच्याबरोबर वाळवा, खानापूर आणि तासगावही होते. सांगली, मिरज ही पटवर्धनांची संस्थाने वेगळी. जत वेगळे. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात होते, म्हणून १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडीही औंधच्याच हद्दीत. फलटण हे निंबाळकरांचे. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली, १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. १९५१ च्या जनगणनेत म्हणूनच ‘दक्षिण सातारा’ आहे.

याचा शोधावर थेट परिणाम होतो. इस्लामपूरच्या माणसाने (आता त्या गावाचे नाव ईश्वरपूर झाले आहे) जुने आकडे साताऱ्याखाली पाहायचे; आटपाडीकराने औंधखाली. सांगली संस्थानाचा मुलूख तर सलग नव्हताच: मंगळवेढे आज सोलापुरात आहे, तेरदाळ आणि शिरहट्टी कर्नाटकात. घरातल्या कागदावर ‘संस्थान सांगली’ असे असेल तर मूळ गाव कृष्णाकाठीच असेल असे धरून चालू नये. आणि १९०१ चा सातारा आजच्या साताऱ्याशी ताडूनही पाहू नये. त्या वर्षी जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ४६ हजारांच्या घरात होती आणि त्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग आला. २०११ चे साताऱ्याचे ३० लाख ३ हजार ७४१ आणि सांगलीचे २८ लाख २२ हजार १४३ हे आकडे दोन स्वतंत्र जिल्ह्यांचे आहेत.

नावे नाहीत म्हणून जनगणना निरुपयोगी, असे मात्र म्हणू नका. १८९१ ते १९०१ या दशकात सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे सहा टक्क्यांनी घटली. लोकसंख्या वाढायची सोडून घटते, तेव्हा त्यामागे दुष्काळ असतो, साथ असते, स्थलांतर असते. इथे तिन्ही होते. १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन दुष्काळ आणि १८९६ पासून पसरत गेलेला प्लेग. ‘आमचे मूळ पुरुष प्लेगात गाव सोडून आले’ असे घरात सांगत असतील, तर त्या आठवणीला हा आकडा बळ देतो आणि कोणत्या दहा वर्षांच्या दप्तरात शोधायचे तेही सांगतो. जन्मठिकाणांचे तक्ते मुंबईच्या अहवालांत पाहावेत. गिरणगावात रत्नागिरीकरांच्या जोडीला सातारकर किती होते, याचा अंदाज तिथे येतो. घराण्याची एक शाखा परळ-लालबागला का गेली आणि गावच्या वहीतून तिची नावे का गळली, हे कोडे पुष्कळदा तिथे सुटते.

नावे मिळतात ती जमीन, शाळा, फौज आणि देवधर्म यांच्या कागदांत. माझ्या मते पहिला मान फेरफाराचा. सातबारा सगळ्यांना ठाऊक असतो, पण सातबारा आजची स्थिती सांगतो. फेरफार ती स्थिती कशी आली ते सांगतो. खातेदार मयत झाला की वारस नोंद होते आणि त्यात मुले, विधवा, कधी मुलीही नावानिशी येतात. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे साधारण त्यापुढच्या तीन-चार पिढ्या फेरफारांच्या साखळीतून जोडता येतात. त्याआधीसाठी भूमी अभिलेखाकडची मोजणीच्या वेळची जुनी पत्रके. इथे अनेकजण अडतात ते गट नंबरापाशी. १९४७ च्या एकत्रीकरण कायद्यानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट घेऊन जुने दप्तर उघडले तर भलत्याच माणसाचे शेत निघते. आधी एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा काढावा, जुना सर्व्हे नंबर मिळवावा आणि मगच मागे जावे.

गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यू येतात. आजोबांचे नाव तिथे नाही म्हणून निराश होऊ नका. जन्माची वर्दी बारशाच्या आधी जाई, त्यामुळे नोंद पुष्कळदा ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढीच आणि पुढे बापाचे नाव. बापाच्या नावाने आणि तारखेच्या अंदाजाने शोधावे लागते. वयाचा भरवसा मुळीच धरू नये. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरातली जन्मतारीख गुरुजींनी अदमासाने टाकलेली असू शकते. जूनमध्ये जन्मलेल्या मुलांची गर्दी त्याचमुळे दिसते.

‘आमचे आडनाव तेव्हापासून हेच’ हाही मोठा अडसर आहे. जुन्या कागदात ‘रामजी बिन सखोजी’ एवढेच असते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आडनावाच्या जागी पाटील, कुलकर्णी, चौगुला असा हुद्दा येतो किंवा काहीच येत नाही. एकाच माणसाच्या दोन मुलांनी पुढे दोन आडनावे लावलेली सापडतात. सनाचेही पाहावे लागते: शक असेल तर ७८ मिळवावेत, आपल्याकडचा फसली असेल तर ५९०. फसली १३०० म्हणजे १८९०-९१.

साताऱ्यात फौजेचा धागा फार मोलाचा आहे. मिलिटरी अपशिंगे हे गाव त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. पहिल्या महायुद्धात तिथल्या ४६ जवानांना वीरमरण आल्याची नोंद गावच्या स्मारकावर आहे. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या खुल्या नोंदींत अनेक भारतीय शिपायांपुढे बापाचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. शिरगणतीने जे लिहून फाडून टाकले, ते मरणाच्या नोंदीने राखले, हे वाचताना मन हेलावते.

सांगली-कोल्हापूरकडे हेळवी येतात. कुळाची नावे पिढीजात सांभाळणारा हा समाज. त्यांच्या चोपड्यांत आणि पाठांतरात जे आहे ते कोणत्याही कचेरीत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तर यात्रेला आलेल्यांच्या हातच्या सह्याही मिळतात. हे सगळे खोटे म्हणून झटकणारे आहेत आणि सगळे प्रमाण मानणारेही. अलीकडच्या तीन-चार पिढ्या फेरफाराशी ताडून पाहाव्यात. त्या जुळल्या तर त्यामागच्या दोन-चार पिढ्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. कुळ थेट पुराणातल्या राजाला जाऊन भिडते तो भाग श्रद्धेचा.

आणखी मागे जायचे तर पुण्याचे पेशवे दप्तर. विशेष म्हणजे पेशवाईतल्या खानेसुमारीच्या, म्हणजे घरमोजणीच्या, कागदांत कुटुंबप्रमुखांची नावे घरवार आढळतात. ती सगळ्या गावांची नाहीत आणि मोडीत आहेत, पण आहेत.

काही दप्तरे आता कधीच मिळणार नाहीत. प्रतिसरकारच्या काळात इंग्रजी राज्याची निशाणी म्हणून चावड्यांवर हल्ले झाले. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत साताऱ्या-सांगलीतले वाडे आणि त्यांतले खासगी कागद गेले. कोयनेच्या पाण्याखाली पाटण-जावळीतली गावे गेली आणि माणसे दूर दूर विखुरली. अशा घराण्यांनी पुनर्वसनाच्या गावचे कागद आधी पाहावेत. जुन्या गावाचा उल्लेख तिथे येतो.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होत आहे. तिच्यात जातही विचारली जाणार आहे आणि स्वतः माहिती भरण्याची सोयही आहे. त्यातले नाववार काही तुमच्या नातवंडांना पाहता येणार नाही. तेव्हा त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, जन्मगाव, आईचे माहेर, जुना सर्व्हे नंबर आणि देवकाचे नाव एका वेगळ्या वहीत लिहावे, खाली तारीख घालावी आणि एक प्रत गावच्या भावकीकडे द्यावी.