स्वयंसेवकांचा विश्वास आणि संगणकाची सुरक्षितता

संगणकाच्या अनेक आज्ञावली कोणा एका कंपनीच्या मालकीच्या नसतात. जगभरातील स्वयंसेवक त्या घडवितात आणि विनामूल्य देतात. कोणीही त्या वाचाव्यात, दुरुस्ती सुचवावी. मात्र ती दुरुस्ती स्वीकारण्याचा अधिकार मोजक्या विश्वासू व्यक्तींनाच असतो. हा विश्वासच हेरून केलेला घात २०२४ साली उघडकीस आला.

'एक्सझेड' ही माहितीचा आकार लहान करणारी आज्ञावली लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत असते. फिनलंडचे लासे कॉलिन अनेक वर्षे जवळजवळ एकट्यानेच तिची देखभाल करीत होते. २०२१ साली 'जिया टॅन' या नावाने कोणी मदतीस आले. त्याच्या दुरुस्त्या उपयुक्त होत्या. २०२२ मध्ये काही अपरिचित नावांनी तक्रारी येऊ लागल्या: कामास फार विलंब होतो, दुसऱ्या कोणाकडे जबाबदारी द्या. कॉलिन यांनी आपल्या मानसिक अस्वास्थ्याचा उल्लेख केला, हे काम आपण विनामोबदला करतो याचीही आठवण दिली. पुढे टॅनला अधिकार मिळाले.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मधील ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसविला. विशिष्ट गुप्त किल्ली असणाऱ्यास त्यातून दूरच्या संगणकावर हुकूम चालविता आला असता. सारे काही खुले असताना हे कोणास दिसले कसे नाही? घातक भाग चाचणीच्या फायलींत दडविला होता आणि त्यास जागे करणारी सूचना केवळ वितरणाच्या गठ्ठ्यात होती. सर्वजण पाहत असत त्या ठिकाणी ती नव्हतीच.

मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अधिक विलंब जाणवला. त्यांनी त्याचा माग काढला व २९ मार्च २०२४ रोजी सर्वांना सावध केले. तोवर या आवृत्त्या मुख्यतः चाचणीच्या लिनक्सपर्यंतच पोहोचल्या होत्या.

खुलेपणा निरुपयोगी ठरला, असे आम्हांस वाटत नाही. मूळ मजकूर खुला होता म्हणूनच फ्रॉइंड यांना शोध घेता आला. उणीव होती ती एकट्या राखणदाराची. (धर्मग्रामातील कित्येक मंडळांचे हिशेब वर्षानुवर्षे एकच थकलेली व्यक्ती सांभाळते, हे येथे सहज आठवते.) अधिकार देताना दोघांची संमती आवश्यक करणे, वितरित गठ्ठा मूळ मजकुराशी पडताळणे हे उपाय आहेतच, परंतु पडताळणीस माणसे हवीत, आणि त्यांच्या श्रमांचे मोलही कोणी तरी द्यावयास हवे.

चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती मे २०२४ मध्ये कॉलिन यांनीच प्रसिद्ध केली.