कार्ड बसते आणि पत्ते सरकतात

सर्व्हर महिनोन्‌महिने बिनतक्रार चालू असतो. नेटवर्कची पोर्ट कमी पडतात म्हणून एका रात्री तो बंद केला जातो, झाकण उघडून रिकाम्या स्लॉटमध्ये नवे कार्ड बसवले जाते आणि पुन्हा वीज दिली जाते. दिवे लागतात, पंखे फिरतात, पण सर्व्हर नेटवर्कवर काही येत नाही. कार्ड काढले की सगळे पूर्ववत. संशय साहजिकच कार्डावर जातो आणि ते सदोष ठरवून विक्रेत्याकडे परतही पाठवले जाते. पुष्कळदा ते कार्ड ठणठणीत असते. बदललेला असतो तो जुन्या नेटवर्क चिपचा पत्ता, जिला कोणी हातही लावलेला नसतो.

हा पत्ता कुठून येतो, हे सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी नीट समजून घ्यायला हवे. इंटेलने १९९२ साली कार्डे जोडण्याची पीसीआय ही पद्धत आणली. त्याआधीच्या आयएसए कार्डांवर जंपर हाताने बसवावे लागत, आणि दोन कार्डांनी एकच आयआरक्यू धरला की दोन्ही अडून बसत. पीसीआयने ही जबाबदारी यंत्रावर टाकली. यंत्र सुरू होताना फर्मवेअर स्वतः फिरून कोण कुठे आहे ते शोधते आणि प्रत्येकाला पत्ता देते. पत्त्याचे तीन भाग असतात: बससाठी ८ बिट, डिव्हाइससाठी ५ आणि फंक्शनसाठी ३. म्हणजे २५६ बस, प्रत्येक बसवर ३२ डिव्हाइस आणि प्रत्येक डिव्हाइसची ८ फंक्शन. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय’ चालवले की ०३:००.० असा जो आकडा दिसतो तो हाच, आणि तो षोडशमान पद्धतीत लिहिलेला असतो.

शोधाची रीत अशी. फर्मवेअर शून्य क्रमांकाच्या बसपासून निघते आणि एकेका जागेवर कोण आहे ते विचारते. कोणी असेल तर उत्पादकाचा क्रमांक मिळतो. इंटेलचा ८०८६ आहे. कोणी नसेल तर एफएफएफएफ परत येते. ब्रिज भेटला, तर त्याच्या पलीकडे एक नवी बस आहे असे समजून तिला पुढचा मोकळा क्रमांक दिला जातो. ब्रिजच्या आत तीन नोंदी असतात: अलीकडची बस, पलीकडची बस, आणि पलीकडच्या साऱ्या पसाऱ्यातला सर्वांत मोठा बस क्रमांक. ही तिसरी नोंद आत शिरताना माहीत असणे शक्यच नसते. म्हणून तिथे तात्पुरते एफएफ, म्हणजे २५५, लिहून फर्मवेअर आत उतरते, त्या फांदीच्या टोकापर्यंत जाते, परत येते आणि मग खरा आकडा भरते. मला हा भाग फार देखणा वाटतो. पुढे काय आहे याची कल्पना नसताना आधी सगळी वाट मोकळी करायची आणि परतताना ती मापात बसवायची, एवढ्या साध्या युक्तीवर ही सगळी व्यवस्था उभी आहे.

वीज गेली की या नोंदी पुसल्या जातात. पुढच्या वेळी मोजणी पुन्हा शून्यापासून. पंगतीत मधेच एक पाट मांडला की पुढच्या प्रत्येकाचा क्रमांक सरकतो, तसेच इथे होते.

एक उदाहरण घेऊ. पहिला स्लॉट रिकामा आहे आणि फर्मवेअरने त्याचे पोर्ट बंद ठेवले आहे. डिस्कचा कंट्रोलर ०१ वर, मदरबोर्डवरची नेटवर्क चिप ०२ वर. आता पहिल्या स्लॉटमध्ये चार पोर्टचे जुने नेटवर्क कार्ड बसवले. इंटेलच्या ८२५७६ चिपच्या चार पोर्टच्या कार्डावर दोन चिपा असतात आणि त्यांना जोडणारा एक पीसीआय एक्स्प्रेस स्विचही असतो. स्विचचे वरचे टोक ०१ वर बसते, त्याची आतली बस ०२ होते, आणि दोन चिपांना ०३ आणि ०४ मिळतात. एका कार्डाने चार क्रमांक खाल्ले. डिस्कचा कंट्रोलर ०५ वर गेला, मदरबोर्डवरची चिप ०६ वर. फर्मवेअरने तिला ऑनबोर्ड म्हणून वेगळा क्रमांक दिलेला नसेल, तर लिनक्समध्ये कालपर्यंत ईएनपी२एस० असलेले नाव आज ईएनपी६एस० होते. नेटवर्कच्या फाइलमध्ये जुनेच नाव लिहिलेले असते, त्यामुळे सर्व्हर मुका होतो.

जुन्या पीसीआयमध्ये हा त्रास कमी होता. एकाच बसवर अनेक स्लॉट असत आणि कार्डाचा डिव्हाइस क्रमांक मदरबोर्डवरच्या तारांनी ठरलेला असे. पीसीआय एक्स्प्रेसमध्ये सामायिक बस उरली नाही. प्रत्येक स्लॉटला स्वतंत्र जोडणी मिळाली, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने प्रत्येक जोडणी एक बस ठरली. त्यामुळे डिव्हाइस क्रमांक बहुतेक ठिकाणी शून्यच राहतो आणि ओळखीचा सगळा भार बस क्रमांकावर येतो, जो मुळात टिकाऊ नाही.

याचे खरे धोके व्हर्च्युअल मशिनच्या ठिकाणी दिसतात. ग्राफिक्स कार्ड थेट एका व्हर्च्युअल मशिनला द्यायचे म्हणून त्याचा पत्ता फाइलमध्ये लिहिलेला असतो. क्रमांक सरकले की त्याच पत्त्यावर यजमान सर्व्हरचे नेटवर्क कार्ड येऊन बसू शकते. व्हर्च्युअल मशिन सुरू होताच ते नेटवर्क कार्ड यजमानाच्या हातून निघून जाते. व्हर्च्युअल मशिन चालवण्यासाठी प्रॉक्समॉक्स वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

उपाय शोधणाऱ्यांनीही पुष्कळ कष्ट घेतले आहेत. सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये उपकरणाचा भौतिक मार्ग आणि त्याला दिलेला क्रमांक यांची जोडी एका फाइलमध्ये कायमची नोंदवली जाई. डेलने बायोसडेव्हनेम आणले. त्यात नेटवर्क पोर्टचे नाव छापील स्लॉट क्रमांकावरून ठरे, आणि फेडोरा १५ ने २०११ मध्ये ते स्वीकारले. लिनक्समधल्या सिस्टमडीने जानेवारी २०१३ च्या १९७ व्या आवृत्तीत स्वतःची नावपद्धत आणली. ती आधी ऑनबोर्ड क्रमांक पाहते, मग स्लॉट क्रमांक, आणि दोन्ही नसतील तरच बस क्रमांकावर येते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: नावातला आकडा दशमान असतो. ‘एलएसपीसीआय’मधली ३बी बस नावात ५९ म्हणून दिसते.

दोन प्रोसेसरच्या मोठ्या सर्व्हरांत आता थोडे सुख आहे. झिऑन स्केलेबलच्या पहिल्या पिढीपासून बसचे गट दूर दूर पाडलेले दिसतात, १७, ३ए, ५डी, ८५, एई, डी७ असे. एका गटात कार्ड वाढले तरी त्याची झळ सहसा त्या गटापुरतीच राहते. पण फर्मवेअर अद्ययावत केले किंवा बायोसमधली एखादी सेटिंग बदलली, तरी मांडणी हलू शकते.

माझे मत स्पष्ट आहे: बस क्रमांकावर काहीही कायमचे लिहू नये. फायरवॉल किंवा एकट्यादुकट्या सर्व्हरसाठी सिस्टमडीच्या डॉट लिंक फाइलमध्ये मॅक पत्ता देऊन स्वतःचे नाव ठेवावे. एकसारख्या सर्व्हरांची रांग असेल आणि बिघडलेली कार्डे बदलली जात असतील, तर स्लॉटवरून आलेले नाव बरे, कारण नव्या कार्डासोबत मॅक बदलतो, स्लॉट बदलत नाही. डिस्कसाठी यूयूआयडी आहेच. प्रॉक्समॉक्सच्या ८.० आवृत्तीपासून पीसीआय उपकरणाला नाव देऊन ते व्हर्च्युअल मशिनला जोडता येते, आणि पत्ता बदलला की दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागते.

आणि पुढच्या वेळी सर्व्हरचे झाकण उघडण्याआधी ‘एलएसपीसीआय -टीव्ही’ आणि ‘डीएमआयडिकोड -टी स्लॉट’ यांचे निकाल दुसऱ्या यंत्रावर जपून ठेवा. स्वतंत्र व्यवस्थापन पोर्टवरून कन्सोल उघडतो का, तेही पाहून घ्या. कार्ड बसवल्यावर दोन्ही निकाल शेजारी ठेवून ताडून पाहा, आणि मगच व्हर्च्युअल मशिन सुरू करा.