खासबागेच्या शेजारचे नाट्यगृह

कोल्हापुरात पाहुणा आला, की आपण त्याला अंबाबाईचे दर्शन घडवतो, रंकाळ्यावर नेतो, तांबडा-पांढरा खाऊ घालतो. माझे म्हणणे एवढेच, की भवानी मंडपातून आणखी थोडे चालून खासबागेपर्यंत जावे. तिथे कुस्तीचे मैदान आणि नाट्यगृह एकमेकांना खेटून उभे आहेत. तालीम आणि तालीम, दोन्ही अर्थांनी!

दोन्ही वास्तू राजर्षी शाहू महाराजांच्या. १९०२च्या युरोप दौऱ्यात रोमचे प्राचीन रिंगण पाहून मैदानाची कल्पना सुचली, असे सांगतात. नाट्यगृह १९१५ साली उभे राहिले. नाव पॅलेस थिएटर. १९५७ साली त्याला केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले.

केशवराव कोल्हापूरचेच, जन्म ९ ऑगस्ट १८९०. लहानपणी ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजले आणि १९०८ साली, ऐन अठराव्या वर्षी, हुबळीत ‘ललितकलादर्श’ काढून मालक झाले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. वय अवघे एकतीस.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, हे नाट्यगृह जळाले. रंगमंच, छप्पर, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती उरल्या. नाट्यगृहाला लागलेली आग इतकी झपाट्याने का पसरते? रंगमंचावर लाकडी फळ्या, वर उंच टांगलेले कापडी पडदे. ती सगळी जागा धुराड्यासारखी आग वर ओढते. म्हणून जगभर मोठ्या नाट्यगृहांत रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये लोखंडी पडदा सोडण्याची सोय असते, कापडावर आगरोधक प्रक्रिया करतात. ‘होते तसेच पुन्हा उभारू’ असे सरकारने जाहीर केले. पण माझ्या मते बाहेरचे रूप जुने राहावे, आतली सुरक्षितता मात्र अगदी आजची हवी. जुन्यासारखे दिसणारे आणि जुन्यासारखेच पेटणारे नाट्यगृह कोणाला हवे आहे?

वास्तू महापालिकेची आहे. आगीनंतर आत जाता येते की नाही, प्रयोग आहे की नाही, याची चौकशी आधी करूनच निघावे. बाहेरून दगडी काम पाहायला सकाळची वेळ बरी. संध्याकाळी खाऊगल्लीची गर्दी असते. स्थानकावरून रिक्षावाल्याला ‘खासबाग’ एवढे सांगितले तरी पुरते.